रहस्यकथा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

रहस्यकथेचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेले विधान हमखास ऐकू येते. लेखकाने आयुष्यात टक्केटोणपे खाल्लेले असले, तरच म्हणे त्याच्या लेखणीत जान येते. ऐकायला हे विधान बरे वाटते. पण तपासून पाहू गेल्यास त्यातून फारसे काही हाती लागत नाही. टक्केटोणपे खाल्लेली माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांतली बहुतेक माणसे दोन ओळींचे पत्रसुद्धा नाइलाजानेच लिहितात. उलट, सुखवस्तू घरात वाढलेल्या कित्येकांनी वाचकाची झोप उडवणाऱ्या कथा लिहिल्या आहेत. तेव्हा प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. कष्टाचे आयुष्य रहस्यकथाकाराला नेमके काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते? या लेखात मी त्याचा विचार करणार आहे.

हा प्रश्न इचोड्यात बसून विचारावासा वाटतो, यालाही कारण आहे. आमचे गाव नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात उर्दू-हिंदी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गोंडी व लंबाडी, असा आमच्या कानांचा शिरस्ता. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा किनवट तालुका महाराष्ट्रात गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. ज्या घरांतल्या मुलांची शाळा तेलुगूत झाली, त्या घरांत मराठी वाचन टिकले ते संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांमुळे नव्हे. नांदेड-यवतमाळकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून आलेल्या, कडा दुमडलेल्या रहस्यकथांचा त्यात मोठा वाटा आहे. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर ही नावे त्या पिशवीतली. शेजारच्या घरी मधुबाबूंचा ‘शॅडो’ आणि कोम्मूरी सांबशिवरावांचा डिटेक्टिव्ह युगंधर. पलीकडच्या मोहल्ल्यात इब्ने सफी. एकाच ओसरीवर तीन भाषांतले गुप्तहेर नांदत होते, असे म्हटले तरी चालेल. ज्या वाङ्मयाने आपली भाषा घरात राखली, त्याच्याकडे ‘वेळ घालवण्याचे साधन’ म्हणून पाहणे मला कृतघ्नपणाचे वाटते. त्याची समीक्षाही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी.

सुरुवातीलाच एक भेद करून ठेवतो. आयुष्य लेखकाला दोन प्रकारची शिदोरी देते. एक माहितीची आणि दुसरी दृष्टीची. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या टॉर्की गावी रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत होत्या. तिथे त्यांना विषांची पक्की माहिती झाली आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत खून होतो तो विषानेच. ही झाली माहितीची शिदोरी. ती उपयोगी खरी. पण तिच्यामुळे जगाकडे पाहण्याची नजर बदलत नाही. ख्रिस्तीबाईंच्या कथेत जग मुळात सुव्यवस्थित असते. खून हा त्यावर पडलेला एक डाग. हुशार माणूस येतो, डाग पुसतो आणि मंडळी पुन्हा चहाला बसतात. दृष्टीची शिदोरी वेगळी. ज्याने उपाशी रात्र काढली आहे, त्याला मुळात जग सुव्यवस्थित आहे हेच पटत नाही. तो गुन्ह्याकडे डाग म्हणून पाहत नाही. कापडच तसे विणले आहे, असे त्याला दिसते.

हा फरक कथेत कुठे पकडायचा? माझी कसोटी साधी आहे. रहस्यकथेतली रात्र सर्वच लेखक रंगवतात. अंधार, पावले, किंकाळी, पाठलाग ही सामग्री सर्वांच्या दुकानात मिळते. मी पाहतो ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्रीचा थरार संपल्यावर पात्रांचे काय झाले? जखमेचे काय झाले? कामावर कोण गेले, भाकरी कोणी आणली? ज्या लेखकाने आयुष्याचा मार खाल्ला आहे आणि तो पचवला आहे, त्याच्या कथेत ही सकाळ उगवते. बाकीच्यांची कथा गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडल्या की रात्रीच संपते.

अर्नाळकरांपासून सुरुवात करू. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली निधन पावलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. झुंजारसारखा नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना शासन करतो, हे लक्षात घ्यावे. ज्या वाचकाला कोर्टकचेरी परवडत नाही आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची धास्ती वाटते, त्याच्यासाठी हा नायक जन्मला. अर्नाळकरांच्या कथेत सकाळ नसते, हे खरे. पण दिवसभर राबून आलेल्या वाचकाची सकाळ त्याला ठाऊकच असते. त्याला हवी असते ती न्याय झालेली एक रात्र. ती अर्नाळकरांनी भरभरून दिली. यात मी उणेपणा मानत नाही. मात्र ही दृष्टी वाचकाच्या कष्टातून घडलेली आहे. लेखकाच्या स्वतःच्या अनुभवाचा ठसा तिच्यावर फारसा उमटत नाही.

लेखकाच्या कष्टातून घडलेल्या दृष्टीचा मराठीतला सर्वांत ठळक दाखला मला रहस्यकथांच्या कपाटात सापडत नाही. तो अण्णाभाऊ साठे यांच्याकडे सापडतो. काहींना हे नाव या विषयात अनपेक्षित वाटेल. अण्णाभाऊंना आपण लोकशाहीर म्हणून, ‘फकिरा’चे लेखक म्हणून, दलित साहित्याचे पूर्वसुरी म्हणून ओळखतो. पण वाचकाला श्वास रोखायला लावण्याची त्यांची हातोटी कोणत्याही रहस्यकथाकाराला हेवा वाटावा अशी होती, आणि त्यांच्या इतक्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, त्याचे एक कारण तेही असावे.

त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी मांग कुटुंबात जन्म. शाळा अवघी दीड दिवसाची. पोरवयात घरच्यांबरोबर वारणेच्या मुलुखातून पायी चालत मुंबई गाठली. हमाली, कोळसे वेचणे, गिरणीतले काम, पडेल ते केले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारले. ‘फकिरा’ १९५९ सालची. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत कित्येक वर्षे काढली आणि १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, हा लेखक गेला.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. ती रहस्यकथेच्या अंगाने पुन्हा वाचून पाहावी, अशी माझी विनंती आहे. वारणाकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खडीच्या खाणीवर कामाला असतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान मुलगी. एके दिवशी स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि त्याला वाट दिसते. तो आधी राख चाळतो, मग पुरलेली प्रेते उकरतो. एका रात्री एका श्रीमंताचे प्रेत उकरत असताना कोल्ह्यांची टोळी त्याच्यावर तुटून पडते. त्या झुंजीतून तो सुटतो. पण प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे मेलेल्या माणसाच्या जबड्यात अडकतात.

इथवर ही कथा जगातल्या कोणत्याही भयकथेच्या पंक्तीला बसेल. स्मशान आहे, काळोख आहे, श्वापदे आहेत, प्रेत आहे. दुसरा एखादा लेखक इथेच थांबला असता, किंवा प्रेताचे डोळे उघडले असते. अण्णाभाऊ दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवतात. भीमाची दोन बोटे कापावी लागतात आणि त्याच वेळी बातमी येते की, बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारा तो गडी लहान पोरासारखा रडतो.

या शेवटाची ताकद कशात आहे? सबंध कथेत वाचक भुताला भीत असतो. भीमा मात्र भुताला भीतच नाही. भुताखेतांची काळजी त्याची बायको वाहते. भीमाला धाक आहे तो रिकाम्या हातांचा. वाचकाची भीती आणि नायकाची भीती यांत हे अंतर ठेवून अण्णाभाऊ कथा चालवतात, आणि खाण सुरू झाल्याची साधी बातमी येते तेव्हा ते अंतर एका क्षणात मिटते. कोल्ह्यांपेक्षा ती बातमी अधिक भयंकर आहे, हे आपल्याला कळते. काम गेले की माणूस स्मशानात जातो आणि काम परत येते तेव्हा त्याच्याकडे बोटे नसतात. खाण कोणी बंद केली, कोणी चालू केली, हे भीमाला कोणी सांगत नाही. कथेतला खरा गुन्हेगार पानावर येतच नाही. ही दृष्टी पुस्तके वाचून येणे कठीण. रोजंदारीवर जगलेल्या माणसालाच ठाऊक असते की, संकट येते तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. सकाळी फाटक बंद दिसते, एवढेच.

असाच दाखला सातासमुद्रापार पाहायला मिळतो. अमेरिकेचा डॅशिएल हॅमेट १८९४ साली जन्मला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली; १९१५ साली तो पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागला. ही संस्था चोर पकडायची, तशीच मालकांच्या वतीने कामगारांचे संप मोडायलाही माणसे पुरवायची. म्हणजे गुप्तहेराचे काम कोणाच्या पैशाने चालते, हे हॅमेटने आतून पाहिले. पुढे सैन्यात रुग्णवाहिका दलात असताना इन्फ्लुएंझा आणि मग क्षयाने गाठले. हेरगिरीचे काम झेपेना, म्हणून १९२२ च्या सुमारास तो लिहू लागला.

१९२९ सालच्या त्याच्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीत एक खाणीचे गाव आहे. मालकाने संप मोडायला गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत, गावच त्यांनी बळकावले. पोलीस त्यांच्याच पंगतीत. शेवटी बरीच माणसे मरतात, लष्कर येते, गाव स्वच्छ होते आणि निवेदक सांगून टाकतो की, आता ते पुन्हा सडायला मोकळे आहे. ही हॅमेटची दुसऱ्या दिवशीची सकाळ. १९३० सालच्या ‘द माल्टीज फाल्कन’मध्ये तर त्याने कथानकाशी संबंध नसलेली एक उपकथा मध्येच घातली आहे. फ्लिटक्राफ्ट नावाचा एक नेटका संसारी गृहस्थ रस्त्याने जात असता उंचावरून तुळई कोसळते आणि त्याच्या शेजारी पडते. थोडक्यात वाचलेला हा माणूस घरी परतत नाही. बायकामुले, व्यवसाय सोडून नाहीसा होतो. काही वर्षांनी दुसऱ्या शहरात सापडतो, तो तसाच संसार, तशीच नोकरी थाटून बसलेला. या उपकथेत खून नाही, गुन्हेगार नाही. तरी सगळी कादंबरी तिच्यात सामावली आहे, असे मला वाटते. तुळई कोणावरही कोसळू शकते, हे एकदा कळलेला माणूस फार काळ तसे कळून राहू शकत नाही. तो पुन्हा न कोसळणाऱ्या तुळयांचे जग बांधतो. एकविशी-पंचविशीत मृत्यूशेजारी झोपलेल्या क्षयरोग्याला हे लिहिता आले, यात मला नवल वाटत नाही.

अण्णाभाऊ आणि हॅमेट यांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी खाण, तिचा मालक, संप किंवा बेकारी आणि पानाआड उभा असलेला गुन्हेगार या गोष्टी दोघांकडे एकाच जागी येतात. दोघेही श्रमिकांच्या चळवळीकडे वळले, हेही योगायोगाचे नसावे.

आता दुसरी बाजू. कष्ट लेखकाला दृष्टी देतात, तसे पुष्कळ काही हिरावूनही घेतात, आणि हे सांगायला आपले गुणगौरवपर लेख विसरतात. हॅमेटची शेवटची कादंबरी १९३४ सालची. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, पण एकही कादंबरी पुरी करू शकला नाही. १९५१ साली जामीन निधीला पैसे देणाऱ्यांची नावे न्यायालयात सांगायला त्याने नकार दिला आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. माणूस म्हणून तो ताठ राहिला. लेखक म्हणून मात्र गप्प झाला होता. इब्ने सफींचे आयुष्यही पाहावे. अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी १९२८ साली जन्मलेले असरार अहमद १९५२ साली ‘जासूसी दुनिया’ सुरू करतात आणि त्याच वर्षी वतन सोडून कराचीला जातात. त्यांची पुस्तके कराचीत निघत, तशी अलाहाबादेतही निघत. लेखक एका देशात आणि त्याचे निम्मे वाचक दुसऱ्या देशात. १९५५ पासून त्यांनी रंगवलेला इमरान वरवर अगदी बावळट. खुळचट बडबड करणारा हा तरुणच गुप्तसंस्थेचा अज्ञात प्रमुख असतो. ज्याचे घर सीमेपलीकडे राहिले, त्याला असा मुखवटा घातलेला नायक सुचावा, हे मला समजू शकते. पण १९६० ते १९६३ या काळात मानसिक आजाराने त्यांची लेखणी पूर्ण थांबली. १९६३ साली ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले, तेव्हा दोन्ही देशांतल्या वाचकांनी त्यांचे स्वागत केले. आपण त्या पुनरागमनाची कथा चवीने सांगतो. मधली तीन वर्षे मात्र त्यांच्या घरच्यांनी काढली.

अण्णाभाऊंच्या बाबतीतही हातचे राखून बोलू नये. त्यांच्या काही कादंबऱ्यांतले नायक इतके बलदंड आणि निर्दोष आहेत की, वाचकाला त्यांची काळजी वाटेनाशी होते, आणि काळजी संपली की रहस्यही संपते. दिवसामागून दिवस पोटासाठी लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘स्मशानातील सोनं’ लिहिता येत नाही. भुकेलेल्या माणसाला सत्य लागते तसे स्वप्नही लागते. अण्णाभाऊंनी दोन्ही लिहिले. त्यांच्या स्वप्नांना अर्नाळकरांच्या कपाटात आणि सत्याला दलित साहित्याच्या कपाटात ठेवून आपली समीक्षा मोकळी झाली, तर एकाच माणसाचे दोन तुकडे होतील. दारिद्र्याने त्यांना मोठे केले, असे म्हणणारांना मी एवढेच विचारीन की, दारिद्र्य नसते आणि आणखी पंचवीस वर्षे मिळाली असती, तर त्यांनी काय लिहिले असते? कष्ट हे लेखकाचे विद्यापीठ आहे, हे वाक्य ज्यांना ते भोगावे लागले नाहीत त्यांच्याच तोंडी अधिक शोभते.

मग आपल्यासारख्या सीमाभागातल्या वाचकांनी आणि लिहू पाहणाऱ्या मुलांनी यातून काय घ्यावे? मी इकडच्या होतकरू लेखकांच्या वह्या अधूनमधून वाचतो. त्यांतला गुप्तहेर मुंबईला राहतो, गाडी भरधाव हाकतो आणि इंग्रजी नावाच्या हॉटेलात खून शोधतो. त्या पोरांच्या आजोबांच्या काळात मात्र आमच्याच शिवारात कोऱ्या कागदावर अंगठे उमटत होते, सावकाराच्या वहीत आकडे फुगत होते आणि पहाणीतले नाव कधी बदलले हे कसणाऱ्याला वर्षानुवर्षांनी कळत होते. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या आणि सावकारीच्या प्रश्नावर जमू पाहणाऱ्या गोंड शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोकांच्या तोंडी असलेले आकडे त्याच्या कितीतरी पट मोठे. ते ठिकाण आमच्यापासून फार दूर नाही. ज्या प्रदेशात मृतांची संख्या हेच एक न उलगडलेले रहस्य आहे, तिथल्या लेखकाला रहस्य आणायला मुंबईला जावे लागू नये.

अर्थात, हे कोणीही उठून लिहावे असे मी म्हणत नाही. दुसऱ्याचे दुःख उसने घेऊन थरार निर्माण करणे सोपे असते आणि ते वाचताना उबग येतो. गोंडांची गोष्ट गोंडीतून आली तर अधिक खरी येईल. पण आपल्या मराठी घरांचीही त्या व्यवहारात एक बाजू होती. कोणाच्या घरी ती वही होती, कोणाच्या घरी कर्जाचा कागद, कोणी साक्षीला सही केली. ती बाजू आपल्यालाच ठाऊक आहे आणि तिची भीतीही आपलीच आहे. ती लिहायची तर नायक बलदंड असून भागणार नाही. रात्र झाली, कागदावर अंगठा उमटला. पुढे सकाळी त्या शेतावर कोण गेले आणि बांधावरून कोण परतले, ते लिहावे लागेल.

आज त्या दुमडलेल्या कडांच्या रहस्यकथा घरांतून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. मुलांच्या हातात फोन आहे. त्यावर दिसणारे खून तेलुगू, हिंदी, इंग्रजीत होतात, मराठीत क्वचितच. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण या दिवाळीत कोणाच्या माळ्यावर जुन्या पुस्तकांचा गठ्ठा निघाला, तर त्यातली एखादी कथा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ती संपली की विचारावे, “बरं, दुसऱ्या दिवशी काय झालं असेल?” मुलाने जे उत्तर दिले, ते त्याच्याच हाताने, त्याच्याच मराठीत वहीत उतरवून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नंतर करता येईल.